जिनिंगच्या मैदानाखाली

जुनी पेठ, रविवार, १२ जानेवारी २०२५

मुझफ्फर,

पत्र फाडायच्या आधी पहिलं पान तेवढं वाच. खुर्शीदआपाकडून तुझा नंबर घेतल्ता. दोनदा फोन लावला. पहिल्या वेळी तू माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला, दुसऱ्या वेळी घंटीच वाजली न्हाई. मंग आपाकडूनच निजामाबादचा पत्ता लिहून घेतला. तिनं दिला, पण चहाचं विचारलं न्हाई. तुझ्या बहिणीच्या घरातून मी बिनचहाचा पहिल्यांदाच उठलो.

गावात आता नगरपंचायत हाय, हे तुला आपानं सांगितलंच असंल. महिन्यापूर्वी त्यांनी दवंडीसारखी रिक्षा फिरवली. गावाच्या मधोमध ज्या जागा रिकाम्या पडल्यात तिथं काय करावं, ते नागरिकांनी सुचवावं. जागा दोनच. एक जुनी भाजीमंडई आणि दुसरी जिनिंगचं मैदान. वाचनालयाच्या दारात पत्र्याची पेटी लावलीय. गाव पार येडं झालंय. केशरबाई भाजीवालीनं वाचनालयातल्या बाईकडून लिहून घेतलं, की बाजाराच्या दिवशी बायकांना जायला जागा न्हाई, आधी मुताऱ्या बांधा, बाकीचं मंग बघा. राधेश्याम शेठला दुमजली दुकानगाळे पाहिजेत. तातेराव गुरुजींना अभ्यासिका पाहिजे, भरतीची तयारी करणारी पोरं मारुतीच्या ओट्यावर बसून वाचतात म्हणून. एकानं सिमेंटचं हरण मागितलं, एकानं जुनं विमान. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या बागेच्या हायत.

माझा परमेश्वर आता अडतीस वर्षांचा हाय, मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. त्याची पोरगी छकुली चौथीत हाय. तिनं पण बागेची चिठ्ठी टाकली.

मी पण टाकली एक. ‘जिनिंगचं मैदान हाय तसंच राहू द्या’ एवढंच लिहिलं. खाली नाव लिहिलं न्हाई.

तुला विचारायचं एवढंच हाय, की विहीर बराबर कुठं होती? धुराडं पाडलं, भिंती पाडल्या, आता सगळं सपाट झालंय. एकच जोतं उरलंय, कापसाच्या गठाणी बांधायच्या त्या प्रेसघराचं. त्या जोत्यापासून मावळतीला पंधरा-सोळा पावलं, बराबर ना? मला माहीतच हाय, फक्त तुझ्याकडून खात्री पाहिजे. काळजीचं काही न्हाई. इतकी वर्षं काही झालं न्हाई, म्हणजे जमीन बसली असंल.

एका कार्डावर एक ओळ लिहिली तरी चालंल.

राधाकिसन


जुनी पेठ, सोमवार, २७ जानेवारी

मुझफ्फर,

तुझी ओळ आली न्हाई.

काल झेंडावंदन झाल्यावर मैदानातच सभा ठेवल्ती. मांडव, खुर्च्या, तीन-चारशे माणूस. सकाळी मांडववाले खांब रोवून राह्यले होते तेव्हा मी रस्त्याच्या कडंला उभा होतो. तिकडं तो माणूस खुंटीवर घण घालायचा आणि इकडं माझ्या तळपायाला कळ यायची. डांबरावर उभा असून. तुला सांगतो, वीस वर्षांत मी त्या मैदानात एकदाही पाय ठेवला न्हाई. बाजारालासुद्धा मी तहसील रस्त्यानं वळसा घालून जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला चालायची हौस हाय.

मागच्या पत्रात काळजीचं काही न्हाई असं लिहिलं. ते खरं न्हाई.

विहिरीच्या कामाचा ठेकेदार वारला. तिथं मजुरीला असलेला दगडू वारला, त्याच्या जोडीच्या भानुदासचं डोकं काम करत न्हाई, पोराला पण ओळखत न्हाई. म्हणजे त्या झाकणाखाली काय हाय हे माहीत असलेली दोनच माणसं उरली. एक तू आणि एक मी. आता मलाच माझ्या आठवणीचा भरवसा राह्यला न्हाई, म्हणून सगळं पुन्हा लिहून बघून राह्यलो. कापसाला आग लागली तर पाणी असावं म्हणून जिनिंगवाल्यांनी विहीर खोदल्ती, बारा फूट रुंद, पन्नास फूट खोल. जिनिंग बंद पडली, विहीर उघडीच राह्यली. तातेराव गुरुजींचं वासरू तिच्यात पडून मेलं, मंग ग्रामपंचायतीनं बुजवायचं ठरवलं. मी मुकादम, तू मिस्त्री. मुरमाच्या दोनशे ट्रॉल्या यायच्या होत्या, आल्या अकरा. बाकीचा मुरूम कुणाच्या शेतातल्या रस्त्यावर पडला ते तुलाही माहीत हाय. ठेकेदार म्हणाला, परवा तपासणीला साहेब येऊन राह्यलेत, वरून झाका. गठाणी वाहायच्या ढकलगाडीचे रूळ आपण आडवे टाकले, त्यावर शहाबादी फरशा, त्यावर हातभर मुरूम. तू म्हणला होता, “राधा, हे झाकण हाय. याला बुजवणं म्हणत न्हाईत.” मी म्हणलो, पावसाळा होऊ दे, मंग भरू.

बावीस पावसाळे झाले. रूळ लोखंडाचे हायत.

सभेत शाळेच्या मोठ्या बाई, इंद्रायणी मॅडम, माईक घेऊन एकेकाला विचारत फिरल्या. छकुली मैदानाच्या मधोमध उभी राहून मला हात करून राह्यली होती. “आबा, इकडं या ना, सावली हाय.” माझा पाय उचलला न्हाई. तेवढ्यात मॅडम माझ्यापाशीच आल्या. “आबा, तुम्हाला काही सुचवायचंय का?” माईक माझ्या तोंडासमोर होता. विहीर हा शब्द माझ्या जिभेवर आल्ता, मुझफ्फर. मी म्हणलो, “झाडं लावा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता असं ठरलंय. १५ फेब्रुवारीला, शनिवारी, शाळेची पोरं मैदानात आपापल्या कल्पनेची चित्रं लावणार. गाव बघणार, मतं देणार. मंग मार्चमध्ये रोलर फिरणार.

मुझफ्फर, एक ओळ लिही.

राधाकिसन


जुनी पेठ, रविवार, ९ फेब्रुवारी

मुझफ्फर,

फलकची चिठ्ठी मिळाली. चौथीत गाव सुटलं, तरी पोरीचं मराठी अक्षर अजून सुरेख हाय. तिनं लिहिलंय, की अब्बांना डोळ्यांनी कमी दिसतं, तिनं तुला दोन्ही पत्रं वाचून दाखवली. आणि तू म्हणला, चावडीत त्यानं काय लिहून दिलं होतं ते आधी त्याच्याच हातानं लिहू दे, मंग विहिरीचं सांगतो.

म्हणजे हे पण तीच वाचणार. फलक, बेटा, तुझ्या बापाबद्दल मी काय लिहून दिलं होतं ते हे असं.

झाकण टाकल्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मैदानात बैलगाडीचं चाक रुतलं. तू चावडीत जाऊन सगळ्यांसमोर म्हणला, विहीर आतून पोकळ हाय, आताच भरा. ग्रामसेवकानं मला बोलावलं. मी लिहून दिलं, की विहीर तळापासून भरलेली हाय. वरच्या सपाटीचं काम मुझफ्फर मिस्त्रीकडं होतं, त्यानं त्यातलं सिमेंट घरी नेलं, आणि ते उघडं पडू नये म्हणून तो गावाला भीती घालून राह्यला. खाली माझी सही. चाक रुतलं तिथं दोन पाट्या मुरूम टाकला आणि विषय संपला.

त्यानंतर तुला कुणी साधा ओटा बांधायचं काम पण दिलं न्हाई. शाळेत पोरं फलकला चोराची पोरगी म्हणायची, हे मला परमेश्वरनं घरी येऊन सांगितल्तं. तू टेम्पोत सामान भरून राह्यला तेव्हा मी घरातच होतो. खिडकी लावून घेतली.

लिहिलं. आता तू सांग.

इकडं मी एक काम केलं. गुरुवारी नगरपंचायतीत जाऊन मुख्याधिकारी साहेबांना सांगितलं, मैदानात एक जुनी विहीर हाय, बराबर भरली नसावी असं कानावर हाय. कुणी भरली ते त्यांनी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. जागा दाखवा म्हणाले. मी रस्त्यावरूनच बोट करून दाखवली, जोत्यापासून मावळतीला सोळा पावलं. त्यांच्या तरण्या इंजिनिअरनं तीन-चार ठिकाणी पहार मारली. टणक लागली. तरी खबरदारी म्हणून त्यांनी चुन्याच्या फक्कीचा गोल आखला, भोवती दोरी बांधली. शनिवारचं चित्रांचं सगळं आता जोत्याच्या उगवतीला हलवलंय, मंगळवारी उषाबाई बांगडीवाली बसते त्या बाजूला.

गावानं मला बोलायचं ते बोलून घेतलं. राधेश्याम शेठ म्हणाले, राधाकिसनच्या डोळ्यात दुकानगाळे खुपतात. केशरबाईनं भर रस्त्यात गाठलं. “आम्ही बायका जन्मभर आडोसा हुडकत हिंडलो. आता कुठं कागदावर आलं तर तू मधीच विहीर काढली?” परमेश्वर जेवताना ताटाकडं बघत म्हणाला, “आबा, गिऱ्हाईक दुकानात येऊन मला विचारून राह्यले. तुम्हाला हे आताच काहून आठवलं?”

मला वाटलं होतं, एवढं केल्यावर झोप लागंल. पण एक गोष्ट डोक्यातून जात न्हाई. पहार टणक लागायला नको होती. हातभर मुरमाखाली फरशी हाय, फरशीला लागली तर आवाज येईल, हाताला झिणझिण्या येतील. तो इंजिनिअर म्हणाला, नुसता घट्ट दगड-मुरूम हाय. मी स्वतःला सांगून राह्यलो, पोराला पहारीचा अंदाज न्हाई.

माझं काही चुकत असलं तर जल्दी कळव. शनिवारी १५ तारखेला सकाळी दहाला पोरं तिथं जमणार.

राधाकिसन


जुनी पेठ, मंगळवार, १८ फेब्रुवारी

मुझफ्फर,

शनिवारी फोनवर तू ऐकलं तेवढं तुला माहीत हाय. जे दिसलं न्हाई ते लिहितो. 

माझं पत्र त्याच सकाळी तुमच्याकडं पोचलं म्हणतोस. तुझा फोन आला तेव्हा पावणेअकरा झाल्ते. मी रस्त्याच्या कडंला, नेहमीच्या जागी. शाळेची शंभर-सव्वाशे पोरं मैदानात. बांबू रोवून दोऱ्या ताणल्या होत्या, दोरीला चिमट्यांनी चित्रं लावली होती. झोके, कारंजं, विमान, हरण. पोरांना पिण्यासाठी कचरूनं ट्रॅक्टर लावून पाण्याचा टँकर आत आणून उभा केल्ता.

एकवीस वर्षांनी तुझा आवाज आला आणि तू नमस्कार-चमत्कार काही केला न्हाई.

“राधा, पोरं कुठं हायत?”

“जोत्याच्या उगवतीला,” मी म्हणलो.

“ते जोतं प्रेसघराचं न्हाई. काटाघराचं हाय, कापूस मोजायचा तिथलं. प्रेसघर तर तेव्हाच पायासकट काढून नेलं होतं, तूच मजूर लावले होते. विहीर काट्याच्या उगवतीला पंधरा-सोळा पावलांवर हाय. ऐकून राह्यला का? पोरं झाकणावर हायत.”

मुझफ्फर, त्या घडीला मला काय वाटलं ते लिहिता येत न्हाई. नुसती भीती असती तर मी पळालो असतो. इतकी वर्षं पोरं मैदानात इकडं तिकडं विखरून खेळायची. मीच दोरी बांधायला लावून, मीच बोट दाखवून, गावातली सगळी पोरं उचलून नेमकी त्या फरशांवर नेऊन ठेवल्ती.

मी आत शिरलो. वीस वर्षांनी. प्रत्येक पाऊल टाकताना वाटायचं आता जाईल. इंद्रायणी मॅडमला म्हणलो, पोरं हलवा, विहीर इथं हाय, टँकरच्या आसपास. त्यांनी पहिल्यांदा नीट ऐकलं. मंग म्हणाल्या, “आबा, मागल्या गुरुवारी तुम्ही तिकडं दाखवली. आता इकडं म्हणून राह्यले. मी कुठं नेऊ पोरांना?” त्यांचं काय चुकलं? लोक जमा झाले. कुणी हसलं. राधेश्याम शेठ म्हणाले, उद्या माझ्या दुकानाखाली पण निघंल विहीर. परमेश्वर दुकानातून पळत आल्ता, त्यानं माझं कोपर धरलं. “आबा, घरी चला. बास झालं.”

तेव्हा मी फोन माईकला लावला.

पहिल्यांदा नुसतीच शिट्टी वाजली. मंग तुझा आवाज सगळ्या मैदानावर आला. “मी मुझफ्फर मिस्त्री बोलतो. ही विहीर आम्ही भरली न्हाई. मी आणि राधाकिसन मुकादमनं फक्त झाकली. पोरांना आधी काढा. पळू देऊ नका. एकेक करून, शाळेच्या भिंतीकडून.”

तातेराव गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना तुझा आवाज ओळखू आला. गावानं ज्याला चोर म्हणून घालवला तो मिस्त्री भोंग्यावरून गावाच्या पोरांना रस्ता सांगून राह्यला होता. मंग कुणी हसलं न्हाई. मॅडमनं पोरांची रांग केली. शंभर पोरं पाय न वाजवता चालली. एवढी पोरं आणि आवाज न्हाई, असं मी कधी ऐकलं न्हाई.

रांग भिंतीपाशी पोचली तेव्हा छकुली मागं वळली. तिचं चित्र दोरीवर राह्यलं होतं. टँकरपासून दोन हातांवर. परमेश्वर निघाला, मी त्याला पकडलं. दोघांचं वजन नको. बापाला मी त्याच्या पोरीकडं जाऊ दिलं न्हाई, मुझफ्फर, त्याच्या दंडाला माझी नखं लागली. तिनं एक चिमटा काढला. दुसरा अडकला. तो पण काढला, चित्राची गुंडाळी केली, दोन्ही चिमटे फ्रॉकच्या खिशात टाकले आणि आली चालत. मी पावलं मोजली. तेवीस.

तू तेव्हा सांगत होता, ट्रॅक्टरला कुणी हात लावू नका. सगळ्यांनी ऐकलं, फक्त कचरूनं न्हाई. त्याचं सगळं पोट त्या ट्रॅक्टरवर. तो चढला, चालू केला, गिअर टाकला. ट्रॅक्टर हातभर पुढं गेला आणि टँकरचं मागचं चाक खाली बसलं. सावकाश. कुणी तरी खाली ओढल्यासारखं. फरशी फुटल्याचा आवाज आला, मंग काहीच न्हाई, आणि मंग लई खालून पाण्यात दगड पडल्याचा आवाज. कचरूनं उडी टाकली, पालथा पडला, हातापायांवर रांगत रस्त्यापर्यंत आला. टँकर तिरपा होऊन रुळाला अडकून राह्यला. त्याच्या तोटीतून पाणी त्या भगदाडात पडत होतं आणि खालून आवाज येत होता. पोरं भिंतीला पाठ लावून बघून राह्यली होती.

फोन चालूच होता. तू विचारलं, “पोरं?” मी म्हणलो, सगळी बाहेर हायत. मंग तू विचारलं, “राधा, त्या दिवशी नाव माझंच काहून घेतलं?” आणि माझं उत्तर यायच्या आधीच ठेवून दिला.

तर उत्तर असं, की ठेकेदारानं तसं सांगितलं होतं. त्याच्याकडं माझी रोजीरोटी होती, घरात परमेश्वरची आई आजारी होती. तो म्हणाला मिस्त्रीचं नाव दे, मी दिलं.

राधाकिसन


निजामाबाद, शनिवार, २२ फेब्रुवारी

राधाकिसन,

हे फलक लिहून राह्यली, बोलणारा मी हाय.

तुझी पहिली दोन पत्रं आली तेव्हा मी चूप बसलो. पोरं खेळून राह्यली हे मला माहीत होतं, आणि तरी मी म्हणलो, आधी त्याला लिहू दे. दोन आठवडे मी गावाच्या पोरांना तारण ठेवलं. तुझी नात चिमटे काढून राह्यली होती ते फलकनं वाचलं तेव्हा मी उठून बाहेर गेलो. तो गुन्हा माझ्याकडं हाय, त्याचं मी अल्लाला सांगीन, तुला सांगायची गरज न्हाई.

पण ठेकेदाराला मी तुझ्याइतकाच ओळखत होतो. तो कुणाचं नाव घे म्हणून सांगणारा माणूस नव्हता. त्याला नावं पण आठवत नसायची आपली. तो सगळ्यांना ‘ए’ म्हणायचा.

सवाल तसाच हाय.

मुझफ्फर


जुनी पेठ, रविवार, २ मार्च

मुझफ्फर,

आधी इकडचं सांगतो.

जालन्याहून क्रेन आणली, टँकर काढला, मंग फरशा एकेक उचलल्या. चार रुळांपैकी दोन गंजून हाताच्या पंजानं मोडतील असे झाल्ते. इंजिनिअरनं दोरीला वजन लावून सोडलं. बेचाळीस फूट पोकळ, त्याखाली पाणी. त्या अकरा ट्रॉल्यांचा मुरूम तळाला कुठं गेला ते कळलं पण न्हाई. अर्धं गाव दोरीच्या बाहेर उभं होतं. कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं.

उषाबाई बांगडीवाली दोरीखालून वाकून आत आली. पोलिसानं अडवलं तर म्हणाली, “अकरा वर्षं मी इथं बसले, मला बघू दे.” तिनं वाकून बघितलं. मंग तिथंच मातीत बसली. थोड्या वेळानं माझ्याकडं वळली.

“भाऊ, तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी या मैदानात बसते, ते पण माहीत होतं?”

“हो.”

“मह्या मांडीवर नात असायची. तुम्ही रस्त्यावरून बघून जायचे. मला वाटायचं, मुकादम भला माणूस हाय, मान हलवून जातो.”

एवढंच बोलली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. परवाच्या मंगळवारी ती तहसीलच्या भिंतीला बसल्ती. मी दिसलो तर बांगड्यांचा ट्रे स्वतःकडं ओढून घेतला, जसं काही माझ्या पायानं जमीन खचंल.

वाचनालयाची पेटी पुन्हा लावलीय. विहीर तळापासून भरणार, आणि या वेळी भरताना नागरिकांची एक समिती उभी राहून ट्रॉल्या मोजणार, तातेराव गुरुजी तिचे प्रमुख. त्याआधी भाजीमंडईच्या जागेत मुताऱ्या बांधणार. केशरबाईचं सगळ्यात आधी मंजूर झालं, ती रोज जाऊन पाया बघून येते, मिस्त्रीला विचारते, खाली काय हाय. पेटीत मात्र चिठ्ठ्या कमी पडून राह्यल्यात. छकुलीला विचारलं, तुझं बागेचं चित्र कुठं हाय. तिनं सांगितलं न्हाई. ती आता घरात फरशीवरून चालतानासुद्धा पाय आधी टेकवून बघते, मंग वजन टाकते. तिला कुणी शिकवलं न्हाई. परमेश्वर माझ्याशी बोलत न्हाई, ताट वाढलं जातं तेवढं जातं.

साहेब म्हणतात, मिस्त्रीला बोलवा, जिनिंगखाली अजून काय काय झाकलंय ते त्यांच्याकडून आखून घेऊ. मी सांगितलं, पत्र तुम्ही लिहा, सरकारी कागदावर, मान देऊन. माझ्या शब्दावर त्यानं यावं असं माझ्याकडं काही न्हाई. तू आला तर खुर्शीदआपाकडं उतरशील, आणि मी त्या गल्लीत येणार न्हाई.

आता तुझा सवाल.

मागच्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलं. तू बराबर म्हणतोस. ठेकेदार फक्त एवढंच म्हणला होता, “कुणाचं तरी नाव टाक आणि मिटव.” कागद माझ्यासमोर होता. तिथं काम केलेली चार माणसं होतो आपण. दगडू होता. त्याचे चार भाऊ गावात, त्याचं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात काठ्या आल्या असत्या. भानुदासचा मामा पंचायतीत होता. माझं नाव तर मी टाकणारच नव्हतो. मी पेन हातात धरून बसलो, फार वेळ न्हाई, एक बिडी ओढेपर्यंत. आणि मला कळलं, की मुझफ्फर म्हणलं तर चावडीत कुणी दुसरा सवाल विचारणार न्हाई. खरं का, कशावरून, सिमेंट कुणी बघितलं, काही न्हाई. तुझं नाव ऐकलं की त्यांना ते आधीच माहीत असल्यासारखं वाटंल. मला हे माहीत होतं, मुझफ्फर. आपण एका बाकावर बसून शिकलो, ईदला मी तुझ्या घरी आणि पोळ्याला तू माझ्या, आणि मला ते माहीत होतं आणि मी ते वापरलं. आणि तसंच झालं. कुणी विचारलं न्हाई.

विहिरीची भीती मला बावीस वर्षं वाटली. याची कधी वाटली न्हाई. आता वाटून राह्यली.

उद्या सोमवारी तहसीलात माझा जबाब हाय. वर लिहिलं तेच सांगणार हाय, याच शब्दांत. कारकून ते लिहून घेईल का न्हाई मला माहीत न्हाई. त्यानं लिहिलं न्हाई तर मी सही करणार न्हाई.

राधाकिसन